पाटीतली मुशी, पाण्यातली मुशी

समुद्राच्या पोटात काय आहे, हे आमच्या लहानपणी दोनच ठिकाणी कळायचं. एक कोळणीच्या पाटीत आणि दुसरं जेवणाच्या ताटात. पाण्याखाली उतरून बघायचं असतं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, ते 1981 साली रायगड झालं. थळ-वायशेतचा खतकारखाना अजून यायचा होता. मुंबईहून आजोळी यायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस आणि पुढे धुरळा खात एसटी. थळच्या वाळूत उभं राहिलं की समोर उंदेरी आणि तिच्या मागे खांदेरी. शिवाजी महाराजांनी 1679 साली ज्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, ती खांदेरी आमच्यासाठी रात्री दिसणारा दीपगृहाचा झोत आणि कोळ्यांच्या वेताळाचं ठाणं, एवढीच होती. 2025 साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जाईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

समुद्राचा धाक घराघरांत होता आणि तो उगाच नव्हता. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि 600हून अधिक माणसं गेली. त्या बोटीचं नाव निघालं की मोठ्यांचे आवाज खाली यायचे. आम्हा मुलांना गुडघाभर पाण्याच्या पलीकडे जायची परवानगी नव्हती. 'पुढे मुशी आहे, पाय तोडेल', हा शेवटचा धाक. मुशी म्हणजे शार्क. तो धाक तसा पोकळच होता. आपल्या किनाऱ्यावर मुशीनं माणसाला चावल्याच्या घटना फारच विरळ. 2022च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा खाडीत एका मच्छीमाराच्या पायाचा मोठ्या मुशीनं लचका तोडला, त्याची राज्यभर बातमी झाली ती इतकी दुर्मीळ गोष्ट होती म्हणूनच. पण लहानपणी आम्हाला मुशी म्हणजे दात वाटायचे. 1975 साली 'जॉज' चित्रपट आला आणि ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता त्यांच्या मनातही तेच दात बसले. ज्या पीटर बेंचलीच्या कादंबरीवर तो चित्रपट निघाला, त्यानं पुढची कित्येक वर्षं शार्क वाचवण्यासाठी लिहिण्या-बोलण्यात घालवली, हे मात्र फार कमी लोकांपर्यंत पोहोचलं.

आणि गंमत अशी, की ज्या मुशीला आम्ही पाण्यात भ्यायचो, तीच ओट्यावर आली की आम्हाला सगळ्यांत लाडकी. तिला काटा नसतो. मुशीचा सांगाडा हाडांचा नसतोच, तो कूर्चेचा असतो. मधला एक मऊसर कणा काढला की उरलेला सगळा तुकडा लहान मुलाच्या हातात बिनघोर द्यावा. बोंबील सोडला तर मुलांनी स्वतःच्या हातानं खावा असा दुसरा मासा नव्हता.

कोळीण सकाळी नऊच्या सुमारास यायची. पाटी उतरवताना 'वयनी, हात लाव गो', अशी हाक. वर ओल्या फडक्याखाली मांदेली, खाली बोंबील, कधी करली, कधी पापलेटं, आणि एखाद्या दिवशी कडेला वळसा घालून ठेवलेल्या मुशा. हात-दीड हात लांबीच्या, राखाडी पाठीच्या, पांढऱ्या पोटाच्या, नाक पुढे फावड्यासारखं चपटं. शास्त्रज्ञ हिला 'स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस' म्हणतात. मुंबई-रायगडच्या उथळ, गढूळ पाण्यातली ही रोजची मुशी. आजी आधी वास घ्यायची. मुशीच्या अंगात युरिया असतो, मासा जरा शिळा झाला की त्याचा उग्र दर्प सुटतो, मग कितीही कोकम घाला, जात नाही. कोळीण सांगायची, 'आजचीच हाय, डोलीच्या जाळ्यातली', आणि आजीला ते वासावरूनच खरं की खोटं कळायचं.

मुशी साफ करणं हे इतर म्हावऱ्यासारखं नाही. तिला खवले नसतात असं वाटतं, पण हात शेपटीकडून डोक्याकडे फिरवला की कातडी खरखरीत लागते. दाताच्याच जातीचे बारीक बारीक कण साऱ्या अंगावर बसवलेले असतात. आजी पातेलंभर पाणी उकळायची, मुशी त्यात बुडवून लगेच काढायची आणि विळीच्या पात्यानं ती वाळूसारखी खर ओरबाडून काढायची. मग पोट फाडायचं. त्या वेळी एकदा मी जवळ बसले होते. पोटातून पिल्लं निघाली, बोटाएवढी, डोळे असलेली, आणि प्रत्येकाला बारीक दोऱ्यासारखी नाळ. आजी थांबली. 'ही पोटुशी होती बिचारी', एवढंच म्हणाली आणि पाणी बदलायला उठली. मासे अंडी घालतात हे मला शाळेत शिकवलं होतं. मुशीची आई बाईसारखी वार-नाळेनं पोर वाढवते, हे त्या दिवशी पाहिलं. कित्येक वर्षांनी वाचनात आलं, की शार्कांमध्ये वारेची सर्वांत पुढारलेली रचना ज्या जातींत आढळते, त्यांत आपली ही फावड्या नाकाची मुशी अगदी वरच्या पंक्तीत आहे.

त्याच मुशीचं कालवण घरात बाळंतीण असली की आवर्जून व्हायचं. दूध चांगलं येतं, हा साऱ्या कोकणाचा विश्वास. आलं-लसणीचं वाटण, हिरवी मिरची, हळद, चिंचेचा कोळ, वरून कोथिंबीर. बाळंतिणीला तिखट बेताचं. पावसाळ्यापूर्वी मोठ्या मुशीचे लांब पट्टे कापून, मीठ लावून वलांडीवर बोंबलांच्या शेजारी वाळत पडायचे. नांगर धरायच्या दिवसांत म्हावरं नसायचं, तेव्हा भाकरीबरोबर ती खारी मुशी. मुशीच्या यकृताचं तेलही त्या काळी औषध होतं. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाच्या तेलाची आयात थांबली आणि आपल्या देशात शार्कच्या यकृताचं तेल काढण्याचे कारखाने उभे राहिले. अ-जीवनसत्त्वासाठी ते मुलांना चमच्यानं पाजलं जायचं. मुशी आम्हाला आईच्या दुधापासून औषधाच्या बाटलीपर्यंत पुरली.

या आठवणींना उमाळ्याचा रंग चढतो आणि वाटू लागतं, की त्या वेळची माणसं समुद्राला जपणारी होती. मला आता तसं वाटत नाही आणि हे स्पष्ट सांगायला हवं. जपणूक होती ती हातांच्या मर्यादेमुळे. शिडाच्या होड्या होत्या, वारा पडला की त्या थांबायच्या. जाळी सुती, झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवलेली, ती कुजायची, तुटायची, महिनोन् महिने विणत बसावं लागायचं. बर्फ नव्हता, म्हणून जेवढं त्या दिवशी खपेल नाही तर वाळेल तेवढंच धरायचं. पावसाळ्यात दर्या खवळला की नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वाळूवर. या साऱ्या अडचणींनी मिळून समुद्राला श्वास घ्यायला वेळ दिला. कोळी बांधवांनी सोन्याचा नारळ वाहून दर्याला हात जोडले त्यात श्रद्धा होती, खरीच होती. पण मुशीला वाचवलं ते वाऱ्यानं, पावसानं आणि कुजणाऱ्या सुतानं.

मग एकेक अडचण दूर झाली. इंजिनं आली, नायलॉन आला, बर्फाचे कारखाने आले, ट्रॉलर आले. कोळ्याच्या घरात पैसा आला, पोरं शिकली, खलाशाचा जीव थोडा सुरक्षित झाला. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण पाण्याखाली त्याचा हिशेब दुसराच लागला. 2021 साली 'नेचर' या नियतकालिकात जगभरच्या आकडेवारीचा अभ्यास आला. 1970 ते 2018 या काळात खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 71 टक्क्यांनी घटली आणि त्यांच्यावरचा मासेमारीचा ताण 18 पट वाढला. हा काळ म्हणजे नेमकं माझ्या पिढीचं आयुष्य. सर्वाधिक शार्क पकडणाऱ्या देशांत इंडोनेशिया आणि भारत ही नावं वर्षानुवर्षं अग्रभागी राहिली आहेत.

आजोळच्या ओटीवर खुंटीला एक करवत टांगलेली असायची. हातभराहून लांब, दोन्ही बाजूंनी दाते. आजोबांच्या वडिलांच्या वेळी जाळ्यात आलेल्या करवत माशाची ती सोंड. आम्ही ती तलवार म्हणून घेऊन खेळायचो. करवत मासा हा पाकटांचा भाऊबंद, अंगानं मुशीसारखा. ती दातेरी सोंडच त्याचा घात करते, कुठल्याही जाळ्यात अडकली की सुटत नाही. माझ्या आईनं एकदा तरी करवत मासा बाजारात पाहिला होता. मी कधीच पाहिला नाही. माझ्या मुलीसाठी तो फक्त पुस्तकातलं चित्र आहे. तीन पिढ्यांत एक प्राणी पाण्यातून भिंतीवर आणि भिंतीवरून पुस्तकात गेला.

कानमुशीचंही तेच होऊ घातलं आहे. हातोड्यासारखं डोकं, दोन्ही टोकांना डोळे. माझ्या लहानपणी लिलावाच्या वेळी अलिबागच्या बंदरात ती पडलेली असायची आणि पोरं भोवती गोळा व्हायची. तिच्या मोठ्या जाती आज जगात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. हिशेब साधा आहे. फावड्या नाकाची लहान मुशी वर्षा-दोन वर्षांत वयात येते, वर्षभर विते, म्हणून इतका मार खाऊनही ती अजून बाजारात दिसते. तरीही तिचं नाव आता धोक्याच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहे. कानमुशीच्या मादीला वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. ती लहानपणीच जाळ्यात आली तर तिची पुढची पिढी जन्मतच नाही. जो प्राणी 40 कोटी वर्षं या पृथ्वीवर टिकला, डायनोसॉर आले-गेले तरी टिकला, त्याला संपवायला पन्नास वर्षं पुरतात.

कायदा आला, उशिरा का होईना. 2000 साली माइक पांडे यांच्या 'शोर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटानं गुजरातच्या किनाऱ्यावर चालणारी व्हेल शार्कची कत्तल दाखवली आणि 2001 साली व्हेल शार्कला वाघाच्या बरोबरीनं पहिल्या अनुसूचीचं संरक्षण मिळालं. त्याच वर्षी आधी सगळ्याच शार्क-पाकटांवर बंदी आली, मच्छीमारांचा रोष झाला आणि वर्षअखेरीस ती दहा जातींपुरती राहिली. करवत मासे त्यात आहेत. 2015 साली शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. 2022च्या दुरुस्तीनं संरक्षित जातींची यादी आणखी वाढली. गुजरातेत मोरारी बापूंनी व्हेल शार्कला माहेरी बाळंतपणाला येणारी लेक म्हटलं, 'व्हाली' हे नाव दिलं आणि ज्या हातांनी ती मारली जात होती त्याच हातांनी जाळी कापून तिला सोडलं. महाराष्ट्रानं 2018च्या डिसेंबरात कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागामार्फत अशी योजना आणली, की संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. आपल्या किनाऱ्याबद्दल मला अभिमान वाटावा अशा मोजक्या सरकारी निर्णयांत हा एक आहे. नाखव्याला दंडाची भीती घालण्याऐवजी त्याच्या नुकसानीत सरकार वाटेकरी झालं.

आता सुट्टीची गोष्ट. तेव्हा रायगडात सुट्टी म्हणजे आजोळ, वाडीतला रहाट, सुपारीची सोलणी आणि संध्याकाळी किनाऱ्यावर फेरफटका. आज मांडव्याला रो-रोमधून गाडीसकट उतरता येतं, 2024पासून अटल सेतूनं तर समुद्रावरूनच येता येतं. नागाव, काशीद, दिवेआगर शनिवार-रविवारी माणसांनी फुलतात. 2020च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानं सुरूची बनं आणि पोफळीच्या वाड्या झोपवल्या, त्यातून सावरताना कित्येक घरांना याच पर्यटकांनी हात दिला. पण पाण्याखाली डोकं घालायला मात्र रायगडचं पाणी नाही. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्री, साऱ्या खाड्या सह्याद्रीची माती आणून इथं ओततात. पाण्यात हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. म्हणून अलिबागचा, पनवेलचा, रोह्याचा माणूस स्कूबा करायला खाली तारकर्ली-मालवणला जातो, गोव्याला जातो, चार पैसे साठले की अंदमान, लक्षद्वीप, मालदीव.

मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथं पाण्यात उतरवणारी बरीच मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतलीच. बापानं जाळं टाकलं त्याच पाण्यात मुलगा मुंबई-पुण्याच्या माणसाचा हात धरून त्याला प्रवाळ दाखवतो. मी माझ्या मुलीबरोबर पहिल्यांदा तिथंच शिकले. तोंडात नळी धरून तोंडानंच श्वास घ्यायचा, कानात दडा बसला की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' असा नाही, 'मला वर घ्या' असा. आणि सगळ्यांत पहिला नियम: श्वास रोखायचा नाही. ज्या मुलीला गुडघ्याच्या पुढे जायची बंदी होती, ती पन्नाशी ओलांडल्यावर पाण्याखाली संथ श्वास घ्यायला शिकत होती.

मुशी मला भेटली ती पुढे, लक्षद्वीपच्या कडमत बेटावर. पंधरा-सोळा मीटर खाली, प्रवाळाच्या कमानीखाली वाळूवर पडली होती. पाठीवरच्या पराचं टोक पांढरं. माणूसभर नसेल, जरा कमीच. बऱ्याच मुशांना श्वासासाठी सतत पोहावं लागतं, ही जात मात्र वाळूवर पडल्या पडल्या कल्ल्यांवरून पाणी खेळवू शकते. मानेवरच्या पाच चिरा लयीत उघडत-मिटत होत्या. डोळा उघडा, बाहुली उभी. तो डोळा माझ्यावर होता की नव्हता, सांगता येत नाही. विळीखाली जे अंग मी इतक्यांदा पाहिलं होतं, तेच अंग, तीच राखाडी कातडी, तीच पोटाकडची पांढरी कड. पण इथं त्याला वजन नव्हतं. थोड्या वेळानं तिनं शेपटी एकदाच हलवली आणि निघून गेली, आमच्यापासून दूर, घाई न करता. लहानपणापासून बाळगलेला धाक त्या वेळी पार गळून पडला आणि त्याच्या जागी जे आलं त्याला मी आदरच म्हणेन.

त्या बेटांवरचे मच्छीमार टुना गळानं धरतात. एक माणूस, एक काठी, एक मासा. आपल्या रायगडच्या मातीशी नातं असलेलं असंच एक स्वच्छ पाणी आपल्याकडेही आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं विस्तीर्ण पठार, अँग्रिया बँक. ज्यांची समाधी अलिबागेत आहे त्या सरखेल कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला आहे. 2019 साली शास्त्रज्ञांच्या मोहिमेनं तिथं उतरून प्रवाळ आणि मासे नोंदले. माझ्या आजोळच्या गावातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, की आपल्या सरखेलांच्या नावाचं एवढं मोठं वैभव पाण्याखाली जिवंत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो टाळून स्मरणरंजन करणं मला पटत नाही. सकाळी स्कूबा करून आलेली माणसं दुपारी मेन्यूकार्ड उघडतात आणि त्यावर 'शार्क मसाला', 'बेबी शार्क फ्राय', 'मोरी सुकं' असतं. मोरी म्हणजे मुशीच. देशभरातल्या समुद्री जेवणाच्या अडीच हजारांहून अधिक हॉटेलांची पाहणी झाली तेव्हा सुमारे 11 टक्के ठिकाणी शार्क मिळाली आणि गोवा त्यात आघाडीवर निघाला. परांची निर्यात थांबली, पण मांसाची मागणी आपल्याच ताटांतून उठते आहे आणि त्यात सुट्टीवर गेलेल्या माणसाचा वाटा मोठा आहे. त्याला ते नावीन्य म्हणून हवं असतं. 'बेबी' म्हणजे मऊ, लुसलुशीत, एवढंच त्याला ठाऊक. ते फावड्या नाकाच्या मुशीचं वाढलेलं अंग आहे, की दोन महिन्यांपूर्वी जन्मलेली कानमुशी आहे, हे वाढणाऱ्यालाही माहीत नसतं आणि मागवणाऱ्यालाही.

आजीला ते माहीत होतं. पाटीसमोर बसून ती डोकं बघायची, पोट बघायची, कुठल्या जाळ्यातली ते विचारायची. पाकट वेगळं, कानमुशी वेगळी, रोजची मुशी वेगळी. ही ओळख आम्ही गमावली, आणि मला त्या काळातलं काही परत हवं असेल तर ते हेच. खाणाऱ्याला खाल्लेल्याची ओळख असणं. कारण या प्रश्नाचं उत्तर 'मुशी खावी की खाऊ नये' एवढ्यावर सुटत नाही. ते कुठली, केवढी, कुणी आणि कशासाठी खावी यावर अवलंबून आहे.

थळच्या, वरसोलीच्या, राजपुरीच्या, भरडखोलच्या कोळीवाड्यात डोलीत आपसूक आलेली लहान मुशी घरात शिजली तर तिच्याविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही. ते त्यांचं अन्न आहे, पिढ्यांचं. मालदीवला जाऊन मुशीबरोबर फोटो काढून आलेल्या माणसानं भाऊच्या धक्क्यावरच्या कोळणीला पापाचे धडे देऊ नयेत. समुद्राचं नुकसान पाटीनं झालेलं नाही. पण ज्याच्यापुढे पन्नास पदार्थ आहेत, ज्याची मुशीवर उपजीविका नाही आणि आठवणही नाही, त्यानं केवळ चव घेऊन बघायची म्हणून मोठी मुशी किंवा पिल्लू मागवणं, हे मला आता चूक वाटतं. त्यासाठी कायद्याची वाट बघायला नको.

आरोग्याचंही एक कारण आहे आणि ते माझ्या आजीच्या विश्वासाला छेद देणारं आहे. मोठ्या, बरीच वर्षं जगणाऱ्या शिकारी माशांच्या मांसात पारा साठत जातो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या बायकांना सल्ला आहे, की शार्क खाऊ नये. आजीनं बाळंतिणीला दिलेली मुशी लहान आणि कोवळी होती, पाणीही तेव्हा आजच्याइतकं कारखान्यांनी घेरलेलं नव्हतं. आज घरात बाळंतीण असेल तर माया तीच ठेवावी, मासा बदलावा. आपल्या किनाऱ्यावर मांदेली आहे, बोंबील आहे, बांगडा आहे, दूध येण्याला त्यांनी कधी अडवलेलं नाही.

कुणी म्हणेल, हे भरल्या पोटाचे विचार आहेत. पण जिवंत मुशीला बाजारभाव आहे, हे मालदीवनं फार आधी ताडलं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं झालेल्या अभ्यासात निघालं, की एक मुशी मारून कोळ्याला एकदाच 32 डॉलर मिळतात आणि तीच प्रवाळात फिरत राहिली तर तिला बघायला येणारे लोक दर वर्षी सरासरी 3,300 डॉलर मोजतात. 2010 साली त्या देशानं शार्कची मासेमारीच बंद केली. एवढं लांब जायचं कारण नाही. सावित्रीच्या मुखाशी, हरिहरेश्वरच्या पलीकडच्या तीरावर, वेळास आहे. तिथं कासवांची अंडी खणून विकली जायची. 2002च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आज त्याच गावात पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात, घरोघरी राहतात, जेवतात. हरिहरेश्वर आणि दिवेआगरच्या वाळूतही आता घरटी जपली जातात. किहीमला 1930 साली सुगरणीची घरटी न्याहाळत बसलेल्या सालीम अलींची सुरुवातही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडूनच झाली होती. मारण्यापासून बघण्यापर्यंतची वाट आपल्या रायगडच्या वाळूत आधीच पडलेली आहे, ती फक्त पाण्यात न्यायची आहे.

त्यात बघणाऱ्यांनीही आपली पायरी ओळखायला हवी. प्रवाळावर उभं राहून फोटो काढणारे, माशांना पाव चारणारे, एकाच खडकाभोवती दहा-दहा होड्या नांगरणारे स्कूबावाले मुशीचे मित्र नाहीत. नांगराचा एक ओरखडा प्रवाळाला कित्येक वर्षं मागे नेतो. आणि पर्यटनाचा पैसा रिसॉर्टच्या मालकापाशी अडकून कोळीवाड्यात पोहोचला नाही, तर जाळं कापून मुशी सोडायला नाखव्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

तेव्हा आपण समुद्राला भ्यायचो आणि आपले हात अपुरे होते, म्हणून मुशी जगली. आता भीती गेली, हात अक्राळविक्राळ झाले. त्या जुन्या अडचणी परत आणता येणार नाहीत, आणायच्याही नाहीत, कारण त्या कोळ्याच्या गरिबीच्या होत्या. त्यांच्या जागी आपल्याला समजूतच बसवावी लागेल. जून-जुलैची मासेमारी बंदी मनापासून पाळणं, 2023 साली राज्यानं 54 जातींच्या माशांसाठी ठरवलेली किमान लांबी बाजारातही विचारणं, जाळं कापणाऱ्या नाखव्याला भरपाई वेळेवर मिळेल यासाठी ग्रामपंचायतीपासून आमदारापर्यंत बोलणं, ही ती समजूत. आणि हॉटेलात बसल्यावर एक प्रश्न विचारणं: 'ही मुशी कुठली आणि केवढी?' उत्तर आलं नाही, तर बोंबील मागवावेत. इतकं सोपं आहे ते, आणि सुट्टीवर आलेल्या प्रत्येक माणसानं केलं तर मेन्यूकार्डावरचं 'बेबी शार्क' दोन मोसमांत पुसलं जाईल, असा मला विश्वास आहे.